साडेसात श्वास

अँब्युलन्सच्या ठाण्यावर तिला काटाबाई म्हणायचे. तोंडावर कुणाची हिंमत नव्हती, पण तिला माहीत होतं आणि मनातून ते आवडतही होतं. काटा म्हणजे वजनाचा काटा. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन किती उरलाय हे बाकीचे अंदाजानं सांगत, ही मीटरवर बोट ठेवून सांगे. चहात साखर दीड चमचा म्हणजे दीडच. ड्यूटी सातची असली की सातला पाच कमी असताना ही दारात उभी, आणि सात वाजून दोन मिनिटांनी येणाऱ्याकडे अशी बघायची की त्या बिचाऱ्याला आपण कालच यायला हवं होतं असं वाटावं. अशा माणसाबरोबर काम करणं सोपं जातं, संसार करणं अवघड. काटाबाईनं तो केलाच नव्हता, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

तिला धाकटी बहीण होती, दहा वर्षांनी लहान. आईवडील एकापाठोपाठ गेले तेव्हा धाकटी शाळेत होती. तिच्या वेण्या घालण्यापासून तिला दटावून अभ्यासाला बसवण्यापर्यंत सगळं काटाबाईनं केलं. पुढे तिचं लग्नही हिनंच लावून दिलं. म्हणून धाकटीच्या नवऱ्याला ती थट्टेनं 'जावईबुवा' म्हणायची. तोही काही कमी नव्हता. "सासू नाही असं बघून लग्न केलं," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आणि चांगलाच फसलो." तो एका मोठ्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. दोन्ही हातांनी जेवल्यासारखा मोठ्यानं हसायचा. काटाबाईला त्याचं हसणं फार आवडायचं, पण हे तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं.

ठाण्यावर नव्या लोकांना शिकवायचं काम तिच्याकडेच होतं. मोठ्या अपघातात जो पहिल्यांदा पोचतो त्यानं उपचार करायचे नसतात, निवड करायची असते. याला ट्रायाज म्हणतात. माणसं पन्नास, गाड्या दोन. मग आधी कुणाला न्यायचं? एकेकाजवळ अर्धं मिनिट थांबायचं, तपासायचं, मनगटाला रंगीत चिठ्ठी बांधायची आणि पुढं सरकायचं. चालता येतं त्याला हिरवी. थांबू शकेल त्याला पिवळी. आत्ता नेला नाही तर जाईल त्याला लाल. मान नीट करूनही श्वास येत नाही त्याला काळी, आणि काळी बांधली की मागं वळून बघायचं नाही. शिकणाऱ्या पोरींच्या डोळ्यांत इथं हमखास पाणी यायचं. काटाबाई म्हणायची, "रडून घ्या. इथंच रडून घ्या, तिकडं वेळ नसतो."

श्वास पंधरा सेकंद मोजायचे आणि चारनं गुणायचं. मिनिटाला तीसच्या वर गेले की लाल. म्हणजे सात मोजले तर अठ्ठावीस, पिवळी. आठ मोजले तर बत्तीस, लाल. मग दर वर्गात कुणीतरी हात वर करून विचारायचंच, "मॅडम, पंधरावा सेकंद पडताना आठवा श्वास अर्धाच झाला असेल तर?" पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. काटाबाईचं ठरलेलं होतं. "अर्धा श्वास पेशंटचा. तो पूर्ण धरायचा. तुमच्या खिशातून काय जातंय?"

आणि आणखी एक वाक्य ती फळ्यावरच लिहायची. 'तिथं आपलं कुणी नसतं.' त्याला कारण लांब्या. लांब्या तिच्याच ठाण्यावर होता, ताडमाड उंच आणि स्वभावानं मऊ. दोन वर्षांपूर्वी एका बसच्या अपघातात त्यानं आपल्या चुलतभावाला पिवळीच्या जागी लाल चिठ्ठी बांधली. चौकशी झाली, लांब्याची बदली झाली. सामान आवरायला आला तेव्हा चहाच्या टेबलाशी सगळ्यांच्या देखत काटाबाई त्याला म्हणाली होती, "नाती सांभाळायची तर घरी बसावं." लांब्यानं मान खाली घालून आपला कप विसळून ठेवला आणि गेला. टेबलावरचे सगळे गप्प झाले होते, आणि ती शांतता काटाबाईला त्या वेळी शाबासकी वाटली होती.

गोदामातला माळा कोसळल्याचा फोन दुपारी दोनला दहा कमी असताना आला. माल ठेवायचा लोखंडी माळा मालासकट खालच्या पॅकिंगच्या हॉलवर आला होता. पत्ता ऐकून अँब्युलन्स चालवणाऱ्या काकांनी तिच्याकडे पाहिलं. काकांनी धाकटीच्या घरी चहा घेतला होता, जावईबुवाचं मोठं हसणं त्यांच्या ओळखीचं होतं.

"बुवांची पाळी कुठली आज?" काकांनी विचारलं.

"सकाळची."

"म्हणजे दोनला सुटतात."

"हो."

"निघाले असतील मग. माणूस दहा मिनिटं आधीच हात धुऊन उभा असतो."

"तुम्ही पुढं बघून चालवा, काका," काटाबाई म्हणाली. चिठ्ठ्यांचा गठ्ठा तिनं दोनदा मोजून घेतला.

हॉलमध्ये खोके, लोखंड आणि माणसं एकत्र झालेली. धूळ इतकी की दिवे पिवळट दिसत होते. कामगारांनी जमतील तेवढ्यांना ओढून हॉलच्याच मोकळ्या फरशीवर ओळीनं निजवलं होतं. काटाबाईनं तोंडाला कर्णा लावला आणि जोरात सांगितलं, ज्यांना चालता येतं त्यांनी फाटकापाशी जावं. वीस-पंचवीसजण उठले. उठणाऱ्यांत जावईबुवा नव्हता. तिनं पाहिलं नाही असं नाही, एका नजरेत पाहून घेतलं, आणि खाली बसून कामाला लागली. काका मागून चिठ्ठ्या देत होते.

पहिल्या ओळीत निळ्या एप्रनची एक बाई होती, पॅकिंगवाली. बरगड्यांवर लोखंड पडलेलं. काटाबाईनं घड्याळावर नजर ठेवून श्वास मोजले. सात झाले, आठवा आत जात होता आणि सेकंदकाटा पंधरावर आला. "लाल," काटाबाई म्हणाली. विचारसुद्धा करावा लागला नाही. बांधली, सरकली.

तिच्यानंतर पाचवा जावईबुवा होता.

तो उताणा पडला होता. रक्त फारसं नव्हतं. डाव्या कुशीवर हात धरून होता. काटाबाईला बघितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते पुढे तिच्या डोळ्यांसमोरून हललं नाही. त्याला हायसं वाटलं होतं.

"ताई, तुम्ही आलात," तो म्हणाला.

"बोलू नका. हात दाबा माझा." त्यानं दाबला. तिनं त्याचं नख दाबून सोडलं, लाली वेळेत परत आली. मग तिनं घड्याळ बघितलं आणि श्वास मोजायला घेतले. एक, दोन, तीन. मागं काका उभे होते. हाताखाली दुसऱ्या गाडीवरची नवी मुलगी येऊन उभी होती, सहा महिन्यांपूर्वी तिच्याच वर्गात बसलेली. सगळे तिच्याकडे बघत होते, निदान तिला तसं वाटलं. पाच, सहा, सात. सेकंदकाटा पंधरावर आला तेव्हा आठव्या श्वासानं त्याची छाती वर येऊ लागली होती. अर्धी आली होती.

काटाबाईला ते दिसलं. नीट दिसलं. आणि त्याच क्षणी तिला चहाचं टेबल आठवलं, लांब्याची खाली गेलेली मान आठवली, आणि वाटलं, आता मी लाल म्हटलं तर हे सगळे म्हणतील, घ्या, हिचंही तेच.

"सात," ती मोठ्यानं म्हणाली. "अठ्ठावीस. पिवळी."

काकांनी चिठ्ठी दिली नाही लगेच. "पिवळी?"

"ऐकू आलं ना?"

तिनं स्वतः गाठ मारली. जावईबुवाला रंगांचं काही कळत नव्हतं. "धाकटीला फोन करू नका हां," तो म्हणाला, "उगाच घाबरेल." काटाबाई पुढच्या माणसाकडे सरकली.

एवढ्यावरही निभावलं असतं. पिवळ्या चिठ्ठीवाल्यांना दर दहा मिनिटांनी पुन्हा तपासायचं असतं, कारण माणसाचं शरीर आपल्या चिठ्ठीला बांधील नसतं. पण ती त्या ओळीकडे परत गेली नाही. जावईबुवापाशी पुन्हा वाकताना कुणी पाहिलं तर, हेच डोक्यात. तिनं नव्या मुलीला सांगितलं, "ती ओळ तू बघ," आणि स्वतः दुसऱ्या टोकाला गेली. मुलीनं एकदा तपासलं, तसंच आहे म्हणाली. मुलगी नवखी होती, बोलणारा माणूस बरा असतो असं तिला वाटत असावं. हा माणूस तर तिला जोक सांगत होता.

लाल चिठ्ठीवाले वीस मिनिटांत गेले. निळ्या एप्रनची बाई पहिल्याच गाडीत गेली. पिवळ्यांची पाळी यायला पाऊण तास होता. पस्तिसाव्या मिनिटाला काकांची हाक आली, आणि त्या हाकेवरूनच काटाबाईला सगळं कळलं. ती धावली. जावईबुवाचे ओठ पांढरे पडले होते, हात गार झाला होता. आत, पोटात, रक्त साचत गेलं होतं. तिनं पिवळी चिठ्ठी तोडून लाल लावली. गाठ काकांनी मारली.

ऑपरेशनच्या टेबलावर तो गेला. "पाणथरी, म्हणजे प्लीहा, फाटली होती," सर्जन हात पुसत म्हणाले. काटाबाईनं विचारलं, अर्धा तास आधी आला असता तर? त्यांनी तिच्या अंगावरचा गणवेश बघितला आणि म्हणाले, "असं सांगता येत नाही. तुम्हाला माहीतच आहे." तिला माहीत होतं. असं सांगता येत नाही हे वाक्य तिनं स्वतः शेकडो नातेवाइकांना ऐकवलं होतं. ते किती पोकळ आहे हे तिला ऐकणाऱ्याच्या बाजूनं पहिल्यांदाच कळलं.

आठ दिवसांनी चौकशी झाली, प्रत्येक मोठ्या अपघातानंतर होते तशी. साहेबांनी कागद बघितले, सगळ्यांना विचारलं. काकांनी सांगितलं, "सख्ख्या बहिणीचा नवरा होता साहेब, पण बाईंनी नियम सोडला नाही." काकांच्या मनात काय होतं कुणास ठाऊक, ते तिच्याकडे न बघता बोलले. साहेब उठून उभे राहिले. म्हणाले, असं मन घट्ट ठेवणं मला जमलं नसतं, नव्या तुकडीला मी हेच उदाहरण देणार आहे. काटाबाईला वाटलं, आता सांगावं. तोंड उघडलंही तिनं. मग "बरं साहेब" म्हणाली आणि बाहेर येऊन बाथरूममध्ये नळ सोडून उभी राहिली.

खरं सांगायचं तर ती स्वतःशीही खोटं बोलायला लागली होती. आठवा श्वास सुरू झालाच नव्हता, दिव्याचा उजेड पिवळट होता, छाती हलली असं नुसतं वाटलं. रस्त्यानं जाताना, भांडी घासताना ती हेच घोकायची. पण मोजण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला स्वतःला फसवणं काही जमेना. मन आतून खात होतं. अन्न गोड लागेना. एक दिवस ड्यूटीवर ती सात वाजून वीस मिनिटांनी आली आणि कुणी काही बोललं नाही, याचंच तिला जास्त लागलं.

महिन्याभरानं धाकटीनं बोलावलं. दुपारची वेळ होती. धाकटीचं घर दोन खोल्यांचं, दुसऱ्या मजल्यावर; जावईबुवाची आईही तिथंच राहायची. कपाटाची दारं उघडी होती आणि सासूबाईंचा कप्पा रिकामा होता.

"सासूबाई कुठं गेल्या?" काटाबाईनं विचारलं.

"दिराकडे. मीच म्हटलं, जा." धाकटी पलंगावर कपड्यांच्या घड्या करत होती, नवऱ्याच्या शर्टांच्या. "परवा पुन्हा तेच काढलं त्यांनी. म्हणे, सख्ख्या मेव्हणीनं माझ्या पोराला मागं ठेवलं. म्हणे, आपली माणसं असूनही काय उपयोग. मी ऐकून घेते का? मी म्हटलं, आई, माझ्या ताईनं आयुष्यात कधी काट्याला बोट लावलं नाही. तिनं पिवळी बांधली म्हणजे तो पिवळाच होता. परका असता तरी तिनं तेच केलं असतं. तुम्हाला तिच्याबद्दल असं बोलायचं असेल तर या घरात बोलू नका."

"असं म्हणालीस?"

"मग काय? रडत गेल्या. मला वाईट वाटलं गं, त्यांचा मुलगा गेलाय. पण तुला कुणी नाव ठेवलेलं मी ऐकून घेणार नाही." धाकटीनं शर्टाची बाही सरळ केली. "चहा टाकू?"

काटाबाई दाराशीच उभी होती. तिच्या मनात आलं, चहा घ्यावा आणि जावं. एक म्हातारी बाई खोटी पडली आहे, ती पडूनच राहील, दिराच्या घरी तिची सोय आहे. धाकटी आयुष्यभर आपल्या बाजूनं भांडत राहील. काही बिघडणार नाही. इतका सोपा तो विचार होता की तिला स्वतःची किळस आली.

"चहा नको. बस जरा," ती म्हणाली. "तुझ्या सासूबाई खरं बोलत होत्या."

धाकटी हसली, म्हणजे हसायला लागली आणि मोठीचा चेहरा बघून थांबली.

काटाबाईनं सांगितलं. पंधरा सेकंदांचं सांगितलं, साताचं आणि आठाचं सांगितलं. वर्गात आपण काय शिकवतो ते सांगितलं. निळ्या एप्रनच्या बाईचं सांगितलं, तिचेही साडेसातच होते आणि ती आता घरी आहे. लांब्याचं सांगितलं. मग परत तपासायला गेले नाही हे सांगितलं, आणि का गेले नाही तेही. कुठं अडखळली की पुन्हा मागून सुरू करायची, काही सुटू नये म्हणून. शर्टाची अर्धी घडी धाकटीच्या मांडीवर तशीच होती.

"लोक काय म्हणतील म्हणून?" शेवटी तिनं विचारलं.

"हो."

"म्हणजे तो तुझा कुणी नसता, तर आधी गेला असता."

"हो."

"वाचला असता?"

"ते सांगता—" काटाबाई थांबली. ते वाक्य तिला पुरं करवेना. "आधी गेला असता. ती बाई वाचली."

धाकटी उठली. तिनं फोन घेतला, नंबर लावला आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. "आई," ती म्हणाली, "घरी या. नाही, बरी आहे मी. तुमचं खरं होतं. मी खोटी पडले. भाऊजींना म्हणावं आजच आणून सोडा." पलीकडून काही विचारलं असावं. "आल्यावर सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग कपाटापाशी जाऊन तो रिकामा कप्पा फडक्यानं पुसायला लागली. दोनदा पुसून झाला तरी पुसत होती.

"मी थांबते," काटाबाई म्हणाली. "त्यांना मीच सांगते. तू का सांगायचंस? उद्या साहेबांकडेही जाणार आहे, लेखी देणार आहे. जे व्हायचं ते होऊ दे माझं. पण त्यांच्यासमोर मीच..."

"नको."

"अगं, चूक माझी आहे."

"चूक!" धाकटी फडकं घेऊन वळली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि तेच बघवत नव्हतं. "कालच ती नवी मुलगी आली होती ना तुमच्याकडची. ढसाढसा रडली इथं. म्हणाली, मी नीट तपासलं नाही, मला कळायला हवं होतं. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, तू नवीन आहेस, चुकतं माणसाचं, मनाला लावून घेऊ नकोस. जेवायला वाढलं तिला."

काटाबाईला हे माहीत नव्हतं. ती मुलगी आपल्या वाटणीचं ओझं घेऊन इथं आली होती आणि आपण महिनाभर तिला ते वाहू दिलं, हे आता तिच्या ध्यानात आलं.

"मला पण तसंच काही म्हण," ती कशीबशी म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं धाकटीकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

धाकटीनं दार उघडलं आणि कडी हातात धरून उभी राहिली.

"तू परकी असतीस ना, तर म्हटलं असतं, ताई."